प्लॉटवर घर नेमकं कुठे बसवायचं? पुणे आणि आसपासच्या प्लॉटवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूगाव-पिरंगुटपासून वाघोली-मांजरीपर्यंत, तिकडे सासवड रोड, तळेगाव, चाकण, जिथे जिथे लोक स्वतःच्या प्लॉटवर घर बांधतायत तिथून मला जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. मी आर्किटेक्ट आहे, घरांचीच कामं करते. उदाहरणं शक्यतो ४० बाय ६० फुटांच्या प्लॉटची घेतलीत कारण बऱ्याच जणांचा प्लॉट साधारण तेवढाच असतो. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिली नाहीये, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. मॅडम, प्लॉट ताब्यात आलाय. आधी प्लॅन काढायचा की आधी घराची जागा ठरवायची?

आधी जागा. आणि त्याच्याही आधी मोकळी जागा कुठे हवीये ते ठरवा, हे मी प्रत्येकाला सांगते. लोक नेमकं उलटं करतात, नेटवरून थ्री बीएचकेचा प्लॅन उतरवून घेतात, तो आवडतो, आणि मग तो प्लॉटवर कसा मावतोय ते बघत बसतात. त्या प्लॅनला तुमच्या प्लॉटची पश्चिम कुठे आहे, शेजाऱ्याचं बोअर कुठे आहे, पावसाचं पाणी कुठून येतं, यातलं काहीही माहीत नसतं. घरातली भिंत दहा वर्षांनी पाडता येते, किचन बदलता येतं, टाइल्स तर दर पाच वर्षांनी बदलणारे लोक आहेत, पण उभं घर सहा फूट मागे सरकवता येत नाही.

क्रम असा ठेवा: मोजणी (प्रश्न ४), मग मार्जिन, म्हणजे हद्दीपासून घरापर्यंत सोडायची मोकळी जागा (प्रश्न ३), मग ऊन-वारा-पाऊस (प्रश्न ५ आणि ६), मग माती आणि पाणी (प्रश्न १० ते १३). एवढं झालं की प्लॉटवर घर बसू शकेल अशा दोन-तीनच जागा उरतात आणि प्लॅन त्यातूनच निघायला लागतो.

२. घर प्लॉटच्या बरोबर मध्यभागी घेतलं तर चारही बाजूंनी हवा येईल ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि बहुतेक घरांचं नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

४० बाय ६० चा प्लॉट घ्या, तळमजला २५ बाय ३५ धरा. घर मध्यभागी ठेवलं तर दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात फूट आणि पुढे-मागे साडेबारा-साडेबारा फूट उरतात. साडेसात फुटांच्या बोळात पुढे काय होतं ते कुठल्याही जुन्या सोसायटीत जाऊन बघा, एसीची युनिटं, रिकामे सिलिंडर, ड्रेनेजचे चेंबर, मोडकी सायकल. साडेबारा फुटांत गाडी सरळ आत उभी राहत नाही (प्रश्न ९). म्हणजे दीड हजार चौरस फूट मोकळी जागा तुम्ही विकत घेतलीत आणि त्यात संध्याकाळी चार खुर्च्या टाकून बसावं अशी एकही जागा मिळाली नाही.

आता तेच घर तेवढ्याच मापाचं ठेवून एका बाजूला ५ फूट, दुसऱ्या बाजूला १०, मागे ६ आणि पुढे १९ फूट असं सरकवा (तुमच्या प्लॉटला मार्जिन तशी बसत असतील तर). पुढे खरं अंगण मिळतं, गाडी बसते, बाजूला दहा फुटांत कढीपत्ता, लिंबू, कपडे वाळत घालायची दोरी, सगळं येतं. बांधकामाचा खर्च तोच आणि एफएसआयलाही, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्या हिशोबालाही, धक्का नाही.

राहिला हवेचा मुद्दा. हवा चार बाजूंना बोळ ठेवल्याने येत नाही, एका खोलीला समोरासमोर किंवा निदान दोन वेगवेगळ्या भिंतींना खिडक्या असल्या की येते, आणि त्यातली एक तरी खिडकी मोठ्या मोकळ्या जागेकडे उघडत असली पाहिजे. शेजाऱ्याने दोन मजले चढवले की साडेसात फुटांच्या बोळातल्या खिडकीला हवाही नाही आणि उजेडही नाही.

अपवाद म्हणजे दहा-पंधरा गुंठ्यांचा फार्महाऊसचा प्लॉट. तिथे घर मध्ये घेतलं तरी चारही बाजूंना वापरता येईल एवढी जागा राहते, पण रस्त्यापासून जितकं आत जाल तितकी पाण्याची लाइन, केबल आणि गाडीरस्ता लांबतो, तो खर्च आधी काढून बघा.

३. मार्जिन किती सोडावं लागतं? आमच्या गावात तर कोणीच सोडत नाही.

डिसेंबर २०२० पासून युनिफाइड डीसीपीआर, म्हणजे राज्याची बांधकामाची एकत्रित नियमावली, लागू आहे, पुणे मनपा, पिंपरी-चिंचवड आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) तिन्हीकडे तीच नियमावली चालते. मार्जिन ठरतं ते समोरच्या रस्त्याची रुंदी, प्लॉटचं क्षेत्र, इमारतीची उंची आणि जागा गावठाणात आहे की बाहेर यावरून. त्यामुळे एकाच लेआउटमधल्या दोन प्लॉटची मार्जिन वेगळी असू शकतात, एक प्लॉट मोठ्या रस्त्याला आणि दुसरा आतल्या रस्त्याला असला की झालं. शेजाऱ्याचे आकडे उचलू नका, झोन दाखला (जमीन कुठल्या वापराच्या पट्ट्यात आहे ते सांगणारा) आणि मंजूर लेआउट हातात घेऊन आपले काढून घ्या.

आणि हे कमीत कमी सोडायचं अंतर आहे. बरेच जण चारही बाजूंना बरोबर तेवढंच सोडून मधला सगळा आयत घर म्हणून भरून टाकतात. त्यापेक्षा दोन बाजूंना कमीत कमी आणि उरलेल्या दोन बाजूंना भरपूर असं केलं तर घर राहायला बरं पडतं.

गावात कोणी सोडत नाही हे खरंय, पण बँकेचं लोन, पुढे विक्री, भोगवटा पत्र (घर वापरायची परवानगी), सगळीकडे मंजूर नकाशा मागतात आणि जागेवरचं घर त्याच्याशी ताडून बघतात.

४. कंपाउंड आधीपासूनच आहे, तरी मोजणी करायलाच हवी का?

हो, आणि पैसे वाचवायची ही जागा नाही. लेआउट पाडताना कंपाउंड घातलेलं असतं जेसीबीवाल्याने टाकलेल्या दोरीवर, ते सरकारी हद्दीवरच आहे असं कोणीही लिहून देत नाही. भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी करून घ्या, खुणांचे दगड बसवून घ्या आणि मगच मार्जिन मोजायला सुरुवात करा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर जेवढं क्षेत्र आहे तेवढं जागेवर भरतंय का ते तेव्हाच कळतं. दोन फूट कमी भरले तर प्रश्न २ मधलं सगळं गणित बदलतं, आणि ते जोतं बांधून झाल्यावर कळलं तर काहीच करता येत नाही.

५. पुण्यात कुठल्या बाजूचं ऊन जास्त त्रास देतं? सगळे म्हणतात दक्षिण टाळा.

दक्षिण नाही, पश्चिम. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की लोक दक्षिणेला एक खिडकी देत नाहीत आणि पश्चिमेला आख्खी काच लावतात.

पुणे साधारण १८.५ अंश उत्तरेला आहे. मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेच शून्य सावलीचे दिवस, आणि तिथून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेलाच असतो. म्हणजे ऐन मेच्या शेवटी दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. मार्चमध्ये पडतं, पण तेव्हा सूर्य इतका उंच असतो की दोन फुटांचा छज्जा खालच्या सहा फुटांपर्यंत सावली देतो. डिसेंबरमध्ये मात्र सूर्य दुपारीही ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे त्याच छज्ज्याखालून ऊन खोलीत येतं, आणि पुण्याच्या थंडीत तेच हवं असतं. दक्षिणेची खिडकी इतकी सोपी असते.

पश्चिमेला छज्ज्याचा उपयोग होत नाही कारण चारनंतर सूर्य खाली उतरलेला असतो आणि ऊन आडवं येतं. एप्रिल-मेमध्ये भिंत दुपारभर तापते आणि ती उष्णता रात्री दहा-अकरापर्यंत आत सोडत राहते, नेमकी झोपायच्या वेळेला. शिवाय मे-जूनमध्ये सूर्य मावळतो तो सरळ पश्चिमेला नाही, वायव्येकडे वीस-पंचवीस अंश सरकून, म्हणून संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतही तिरपं ऊन येतं, त्याने घाबरू नका.

घर बसवताना याचा अर्थ असा की घराची लांब बाजू उत्तर-दक्षिणेकडे तोंड करून आणि आखूड बाजू पूर्व-पश्चिमेला आली तर उत्तम. प्लॉटच्या आकारामुळे ते जमत नसेल तर पश्चिमेच्या कडेला जिना, बाथरूम, स्टोअर, वॉर्डरोबची भिंत असं काहीतरी घ्या, म्हणजे बेडरूम त्याच्या मागे राहते.

६. आणि वारा-पाऊस?

दोन्ही बरेचसे पश्चिमेकडूनच येतात, आणि गोंधळ तिथेच होतो. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिम-वायव्येचा वारा सुटतो आणि संध्याकाळी घर गार करायला तोच कामाला येतो, जून ते सप्टेंबरमध्ये पश्चिम-नैऋत्येकडून वारा आणि त्याच्यासोबत आडवा पाऊस. त्यामुळे पश्चिम बाजू पूर्ण बंद करायची नाही, तिथे लहान खिडक्या, खोल छज्जा, आणि जमलं तर व्हरांडा घ्यायचा. वारा आत घ्यायचा असेल तर त्याला बाहेर जायला पूर्वेकडे मोठी खिडकी ठेवा.

तुमचा प्लॉट पुण्याच्या कुठल्या बाजूला आहे यानेही फरक पडतो. पौड, मुळशीकडे जाल तसा पाऊस झपाट्याने वाढतो, वाघोली, उरुळी, सासवडकडे तो कमी होत जातो. पिरंगुटच्या पुढे नैऋत्येच्या भिंतीला ओल येते ही कायमची तक्रार असते, तिकडे ती बाजू पत्र्याच्या शेडने किंवा पडवीने झाकायला जागा ठेवूनच घर बसवा. हडपसरच्या पुढे उन्हाचाच विचार जास्त करा.

७. वास्तूप्रमाणे घर कुठे सरकवायचं? आणि ते तुमच्या या सगळ्याच्या आड येतं का?

बहुतेक वेळा येत नाही. वास्तूत उत्तर आणि पूर्वेला जास्त मोकळं सोडा, दक्षिण-पश्चिमेला कमी, म्हणजे घर नैऋत्येकडे सरकलेलं आणि ईशान्य मोकळी, असं सांगतात. पुण्याच्या हवेत याने सकाळचं कोवळं ऊन अंगणात येतं आणि दुपारनंतर घराचीच सावली अंगणावर पडते, संध्याकाळी तिथे बसता येतं. आग्नेयेला स्वयंपाकघर घेतलं तर पश्चिमेचा वारा फोडणीचा धूर घराबाहेरच नेतो. घरातली मोठी माणसं समाधानी राहतात आणि घरही चांगलं होतं, मग भांडायचं कशाला.

अडतं तिथे, जिथे रस्ता, उतार किंवा माती वेगळं सांगतात. उतार ईशान्येकडून नैऋत्येकडे असेल तर ईशान्येच्या कोपऱ्यात जमिनीखालची टाकी घेता येते, पण पावसाचं पाणी तिकडे वळवायच्या नादात भराव टाकून प्लॉटचा उतार उलटा करू नका, वरून येणारं पाणी जोत्याशीच साठेल. अशा वेळी मी घरच्यांना आधीच विचारून घेते की कुठल्या दोन-तीन गोष्टी तुमच्यासाठी अजिबात सोडायच्या नाहीत, तेवढ्या सांभाळायच्या आणि बाकी जागेप्रमाणे.

८. आमच्या प्लॉटला रस्ता पश्चिमेला आहे. मग घराचं तोंड कुठे करायचं?

रस्ता पश्चिमेला आहे म्हणून हॉल, बाल्कनी आणि काचा पश्चिमेलाच हव्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. घर शक्य तितकं मागे म्हणजे पूर्वेकडे न्या, पुढे पोर्च आणि एक-दोन झाडं येतील एवढी जागा सोडा, आणि मुख्य दार बाजूने, उत्तरेकडून घ्या. माणूस फाटकातून आत येतो, झाडाखालून चार पावलं चालतो आणि वळून दारात येतो, हे सरळ दारात घुसण्यापेक्षा कितीतरी छान वाटतं आणि रस्त्यावरून हॉलमधलं काही दिसतही नाही. मात्र अशा प्लॉटला मागे पूर्वेला निव्वळ मार्जिनच उरतं, तर तिथे धुणं-भांड्याची जागा ढकलून ती बाजू वाया घालवू नका, सकाळचं ऊन तिथूनच येणार आहे, किचनची खिडकी तिकडे द्या. दक्षिणेला रस्ता असेल तर काळजीच नको, कारण प्रश्न ५ मध्ये आलंय.

९. गाडीसाठी किती जागा धरायची?

नियमावलीतलं एका गाडीचं माप अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साधारण सव्वाआठ बाय साडेसोळा फूट. दारं उघडायला दहा फूट रुंदी लागते. फाटक आत उघडणारं असेल तर ते उघडायला लागणारी जागा वेगळी धरा, नाहीतर सरकतं फाटक घ्या. रस्ता अरुंद असेल तर फाटक प्लॉटच्या कोपऱ्यात अगदी भिंतीला चिकटून नको, गाडी वळत नाही.

१०. प्लॉटवर काळी माती आहे. घराची जागा बदलून फायदा होतो का?

कधी कधी खूप होतो. मांजरी, लोणी, थेऊर हा सगळा पट्टा काळ्या मातीचा, उसाचा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि मे महिन्यात आकसते, तेव्हा जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया त्या थरात ठेवला तर भिंती दरवर्षी हलतात, म्हणून पाया खाली मुरमापर्यंत किंवा दगडापर्यंत नेतात.

प्लॉटवर सगळीकडे मुरूम एकाच खोलीवर लागत नाही. प्लॅन पक्का करण्याआधी जेसीबी बोलावून घर जिथे यायची शक्यता आहे तिथल्या लांबलांबच्या कोपऱ्यांत ट्रायल पिट मारा. खड्ड्याच्या कडेला वरून काळी माती, मग करडा-पिवळसर चोपण थर, मग हातात घेतला की खडे सुटणारा लालसर मुरूम, असं स्पष्ट दिसतं, टेपने मोजा आणि फोटो काढून स्ट्रक्चरल इंजिनिअरला पाठवा. एका टोकाला चार फुटांवर मुरूम आणि दुसऱ्या टोकाला दहा फुटांवर असेल तर घर चार फुटांच्या बाजूला सरकवलं की पायाचा खर्च चांगलाच खाली येतो. खोल मातीची बाजू बागेला द्या.

जुना भराव हा वेगळा धोका. एखाद्या कोपऱ्यात विटांचे तुकडे, प्लास्टिक, राडारोडा लागला तर ती खाण किंवा ओढा बुजवलेला असू शकतो, प्रश्न १२ बघा.

११. प्लॉट उताराचा आहे. वरच्या बाजूला बांधायचं की खालच्या?

आधी उतार किती ते मोजा. १ ला ५ पेक्षा जास्त चढ असलेल्या डोंगरउतारावर बांधकामाला परवानगीच मिळत नाही, आणि पुण्याभोवतीच्या बऱ्याच टेकड्यांवर बीडीपीचं (जैवविविधता उद्यानाचं) आरक्षण आहे, व्ह्यू चांगला आहे म्हणून स्वस्तात मिळालेला प्लॉट त्यात नाही ना ते झोन दाखल्यावर बघा.

साधा उतार असेल तर शक्यतो वरचा भाग घराला, खालचा अंगणाला. घराची लांब बाजू उताराला आडवी ठेवली तर खोदाई आणि भराव दोन्ही कमी लागतात. पण रस्ता खालच्या बाजूला असेल तर घर अगदी वर नेऊ नका, म्हातारपणी आणि पावसाळ्यात तो चढ नकोसा होतो, मधल्या पातळीवर थांबा. काहीही केलं तरी वरून येणारं पाणी घराला वळसा घालून जाईल असा चर आधी आखा आणि जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान दीड फूट वर ठेवा.

१२. जवळ ओढा आहे पण वर्षातले दहा महिने कोरडाच असतो. चालेल ना?

कोरड्या ओढ्याचा भरवसा धरू नका, कळकळीने सांगते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला जे पाणी आलं त्यात कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर भागात माणसं गेली, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. एरवी तो ओढा कुणाच्या लक्षातही नसायचा. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर ज्यांच्या घरी सांगितला जातो त्यांना तर हे समजवावं लागत नाही.

नदीकाठी पाटबंधारे खात्याच्या पूररेषा असतात, निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर नाहीच, दोन्हींच्या मध्ये अटी लागतात आणि जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. लहान ओढ्यांना अशी आखणी बऱ्याचदा नसते, तिथे जुना गाव नकाशा काढून ओढा कुठून जात होता ते बघा आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते बोट दाखवून सांगतात पाणी कुठपर्यंत आलं होतं. ओढा बुजवून किंवा पाइपात घालून वर प्लॉट पाडला असेल तर पाणी पुन्हा त्याच वाटेने येतं, त्या पट्ट्यावर घर नको.

१३. बोअर, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा कुठे घ्यायचा?

मनपाची ड्रेनेज लाइन असेल तर सेप्टिकचा प्रश्नच नाही, पुढचं उत्तर बाहेरच्या प्लॉटसाठी आहे.

शोषखड्डा, म्हणजे सेप्टिकचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, पिण्याच्या पाण्याच्या बोअर-विहिरीपासून किमान १८ मीटर लांब असावा असा राष्ट्रीय बांधकाम संहितेचा दंडक आहे, आणि राहत्या घरापासून ६ मीटर. १८ मीटर म्हणजे ५९ फूट. ४० बाय ६० च्या प्लॉटचा कर्णच ७२ फूट भरतो, म्हणजे बोअर एका कोपऱ्यात आणि शोषखड्डा बरोबर समोरच्या कोपऱ्यात घेतला तरच अंतर बसतं, आणि घरापासून ६ मीटर तर घर बरंच सरकवल्याशिवाय बसत नाहीत. म्हणून हे दोन बिंदू घराच्या आधी नकाशावर मांडायचे, घर नंतर. सेप्टिकची गाडी पाइप घेऊन पोचेल अशी जागाही बघा.

बरेच जण फक्त आपलाच प्लॉट बघतात. तुमच्या ईशान्येच्या कोपऱ्यात तुम्ही बोअर घेताय आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याच्या प्लॉटचा वायव्येचा कोपरा आहे, जिथे त्याने वास्तूप्रमाणेच शोषखड्डा घेतलाय, हे लेआउटमध्ये सर्रास होतं. भिंतीवरून वाकून बघा, विचारा, जमलं तर सगळ्या गल्लीने मिळून बोअर एका बाजूला आणि खड्डे दुसऱ्या बाजूला असं ठरवा. काळ्या मातीत शोषखड्डा पाणी शोषतच नाही, तो मुरमापर्यंत न्यावा लागतो.

१४. प्लॉटच्या मधोमध आंब्याचं मोठं झाड आहे. तोडायचं का?

माझं मत विचाराल तर नाही. मनपा हद्दीत १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पण कायदा बाजूला ठेवला तरी एवढी सावली तुम्हाला तीस वर्षं पैसे टाकून मिळणार नाही. घराला एल आकार द्या, झाड दोन भुजांच्या मध्ये घ्या. पश्चिमेला असेल तर नशीबच, प्रश्न ५ सुटला. मुळं तुटू नयेत म्हणून पायाची खोदाई फांद्यांच्या घेराबाहेर ठेवायचा प्रयत्न करा. उंबर, पिंपळ, वड मात्र जोत्याच्या जवळ नकोत, ती मुळं भिंतीत शिरतात.

१५. नकाशावर सगळं छान दिसतंय पण जागेवर कसं वाटेल ते कळत नाही.

फक्की मारा. चुन्याची एक गोणी, लाकडी खुंट्या, सुतळी आणि टेप, एवढंच लागतं. घराची बाहेरची रेष, आतल्या खोल्या, दारं सगळं जमिनीवर आखा आणि घरातल्या सगळ्यांना दुपारी चारला घेऊन या, कारण तेव्हाच पश्चिमेचं ऊन कळतं.

थेऊरकडच्या एका प्लॉटवर असंच आखलं होतं. घरातल्या आजींसाठी त्यांच्या खोलीच्या जागी प्लास्टिकची खुर्ची टाकली, त्या बसल्या, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, इथून फाटक दिसत नाही, कोण आलं मला कळायचं कसं?" नकाशावर ती खोली सगळ्यात शांत म्हणून मागे दिली होती, सगळ्यांना पसंत होती. पण आजींचा दिवस दारात कोण आलं-गेलं यावरच जातो. खोली पुढच्या कोपऱ्यात आणली, त्यासाठी घर चार फूट मागे गेलं आणि पुढे ओटा मिळाला. सगळं एका संध्याकाळी सुतळी हलवून झालं.

खिडकीच्या जागी उभे राहून काय दिसतं ते प्रत्येक खोलीतून बघा, शेजाऱ्याच्या बाथरूमची खिडकी समोर येते का, ट्रान्सफॉर्मर येतो का. आणि एकदा मोठ्या पावसानंतर लगेच येऊन पाणी कुठे साठतंय ते बघा.

१६. आम्ही दोघं भाऊ, प्लॉट एकच. आत्ता माझं घर, पुढे दादाचं. कसं करायचं?

आजच दोन्ही घरं आखा, बांधा एकच. तुम्ही पहिलं घर रस्त्याजवळ मोठं ऐसपैस घेतलंत तर मागच्याला वाट काढताना तुमच्याच खिडक्यांखालून गाडी न्यावी लागते आणि मग भावाभावांत वाद सुरू होतात. गाडीरस्ता एका बाजूला पहिल्यापासून सोडा, पाण्याची टाकी, मीटर, सेप्टिक दोघांना मिळून चालेल अशा जागी ठेवा. प्लॉटची रुंदी बरी असेल तर पुढे-मागे करण्यापेक्षा शेजारी-शेजारी जास्त सुखाचं. पुढेमागे पोटहिस्से पडले तर नव्या हद्दीपासून प्रत्येकाचं मार्जिन वेगळं मोजलं जाईल, ते अंतर आजच मधे सोडा. वर मजला चढवायचा विचार असेल तर ज्या बाजूने बाहेरून जिना घ्यायचाय त्या बाजूला घर थोडं कमी सरकवा.

१७. शेजारी म्हणतो आपण दोघं भिंतीला चिकटून बांधू, माझी हरकत नाही. चालतं का?

शेजाऱ्याच्या संमतीने मार्जिन माफ होत नाही. मंजूर लेआउटमध्येच जोडघरं किंवा रो-हाऊस दाखवली असतील तरच सामाईक भिंत चालते. उलट बाजूने, शेजाऱ्याचं जुनं घर असेल आणि त्याच्या खिडकीला तुमच्या प्लॉटवरून वीस वर्षं सलग उजेड-वारा येत असेल तर १८८२ च्या इझमेंट कायद्याखाली तो हक्क सांगू शकतो. अशा खिडकीसमोर घराची उंच भिंत आणण्याआधी वकिलाला विचारा, किंवा त्या बाजूचं अंतर वाढवून टाका, त्याने तुमच्याही खोलीला उजेड मिळतो.

१८. प्लॉटवरून किंवा कडेने विजेच्या तारा जातात.

११ केव्हीच्या तारेपासून घराचा कुठलाही भाग आडवा किमान १.२ मीटर, ३३ केव्हीला २ मीटर, आणि वरून जात असेल तर उभं ३.७ मीटर अंतर लागतं. हे बाल्कनी आणि गच्चीच्या कठड्यापासून मोजायचं, भिंतीपासून नाही, आणि वाऱ्यात तार झुलते तीही धरायची. मोठ्या टॉवर लाइनचा पट्टा वेगळा असतो, तिथे महापारेषणकडून लेखी घ्या. पुढे मजला चढवणार असाल तर आजच त्या उंचीचा हिशोब करा. लोहगाव विमानतळ किंवा एनडीएच्या जवळ असाल तर उंचीसाठी त्यांची एनओसी लागू शकते, तेव्हा वर जाण्यापेक्षा तळमजला पसरट घ्यायचा का ते आधी ठरवा.

१९. कॉर्नरचा प्लॉट आहे आणि एका बाजूने डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) रुंद होणार आहे. मार्जिन कुठून मोजायचं?

रुंदीकरणात जाणारी पट्टी आधी वजा करायची, मार्जिन तिच्या आतल्या कडेपासून. आज तिथे कंपाउंड आहे, नारळ आहे, म्हणून ती जागा आपली समजून घर पुढे आणू नका, रस्ता झाला की रहदारी तुमच्या बेडरूमच्या खिडकीला लागेल. नव्याने समाविष्ट गावांत आखणी बदलतही असते, त्यामुळे झोन दाखला आणि डिमार्केशन (रस्त्याची जागेवरची आखणी) ताजं घ्या. कॉर्नरला दोन रस्ते असतात, दुसऱ्या रस्त्याकडे साधं बाजूचं मार्जिन गृहीत धरून नकाशा काढू नका, तेही तपासा. बेडरूम आतल्या बाजूला, जिना-पोर्च रस्त्यांकडे. फाटक लहान रस्त्यावर आणि कोपऱ्यापासून लांब.

२०. परवानगी आलीये, पण आता वाटतंय घर दोन-तीन फूट सरकवावं. गुपचूप सरकवलं तर?

नका. जोतं झालं की जोते तपासणी होते आणि तेव्हा चारही बाजूंची अंतरं मंजूर नकाशाशी ताडली जातात, मार्जिनमध्ये शिरलात तर काम तिथेच थांबतं आणि पुढे भोगवटा पत्र अडतं. सरकवायचं कारण खरं असेल, म्हणजे खोदाईत एका बाजूला मुरूम फारच खोल निघाला किंवा फक्की मारल्यावर काही लक्षात आलं, तर सुधारित नकाशा टाका. सरकवूनही सगळी मार्जिन भरत असतील तर बहुतेक वेळा हे फार अवघड काम नसतं, तरी नकाशा बदलून घेतल्याशिवाय कॉलमचे खड्डे घेऊ नका. आणि ठेकेदाराला तोंडी सांगू नका, नव्या मापांची प्रिंट साइटवर लावा, जुनी काढून टाका, आणि लाइन आउटच्या, म्हणजे जागेवर घर आखायच्या, दिवशी चारही कोपऱ्यांपासून हद्दीच्या दगडापर्यंतची अंतरं स्वतः टेप धरून मोजा.